युद्धाच्या तोंडावर खारकिव्ह सोडताना

खारकिव्ह सोडायचे की थांबायचे हे ठरवताना आमच्या वसतिगृहाच्या खोलीत रणगाड्यांपेक्षा हजेरीची चर्चा अधिक झाली, हे आज कोणाला सांगितले तर पटकन खरे वाटत नाही. २०२२ च्या फेब्रुवारीत मी तेथे वैद्यकीय शिक्षणाच्या तिसऱ्या वर्षाला होते. दुसरे सत्र नुकतेच सुरू झाले होते, उन्हाळ्यानंतर ‘क्रोक’ ही युक्रेनची देशपातळीवरची वैद्यकीय परीक्षा द्यायची होती आणि बुडालेला प्रत्येक तास संबंधित शिक्षकापुढे बसून, तोंडी उत्तरे देऊन भरून काढावा लागत असे. हजेरीपत्रकात नावापुढे ‘एनबी’, म्हणजे गैरहजेरीची खूण, लागली की ती पुसून घेण्यासाठी शिक्षकांच्या मागे किती फिरावे लागते, हे तेथे शिकलेल्या कोणत्याही भारतीय विद्यार्थ्याला विचारावे.

मी मूळची लातूर जिल्ह्यातली. आमच्याकडे नीटची तयारी हा घरोघरचा विषय आहे, आणि शासकीय महाविद्यालयात जागा थोडक्यात हुकलेली मुले पुढे काय करतात हेही सर्वांना ठाऊक असते. खासगी महाविद्यालयाचे शुल्क जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवणाऱ्या माझ्या वडिलांना झेपणारे नव्हते. त्या तुलनेत युक्रेनमधील सहा वर्षांचा सगळा खर्च, राहण्या-जेवण्यासह, वीस-पंचवीस लाखांत भागत होता. थोडे कर्ज, थोडे सोयाबीनचे पैसे आणि आईचे काही दागिने, अशा जुळवाजुळवीतून मी २०१९ मध्ये तेथे पोहोचले. त्या सुमारास युक्रेनमध्ये शिकणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांची संख्या अठरा हजारांच्या आसपास होती, त्यामुळे परदेशात एकटी आले आहे असे मला फारसे कधी वाटले नाही. आमच्या खोलीत निफाडकडची एक मुलगी आणि केरळची एक मुलगी होती. कुकर माझा, काळा मसाला माझा, आणि भात कोणाच्या पद्धतीने शिजवायचा यावर मात्र तीन वर्षे एकमत झाले नाही.

खारकिव्ह हे युक्रेनचे दुसऱ्या क्रमांकाचे शहर रशियाच्या सीमेपासून जेमतेम चाळीस किलोमीटरवर आहे. शहरात बहुतेक लोक रशियन बोलत, अनेकांचे नातेवाईक पलीकडच्या बेल्गोरोदमध्ये होते. २०१४ पासून पूर्वेकडच्या दोनेत्स्क आणि लुहान्स्क भागात रशियासमर्थक फुटीरतावाद्यांशी लढाई सुरू होती, आणि ती आमच्यापासून काही तासांच्या अंतरावर होती, तरी शहराचा दिनक्रम तिच्यामुळे थांबलेला कोणी पाहिला नव्हता. लुहान्स्कमध्ये शिकणाऱ्या भारतीय मुलांना २०१४ च्या उन्हाळ्यात कसे बाहेर काढावे लागले, ही हकिगत आमच्याआधीच्या मुलांकडून आम्ही ऐकली होती. पण ऐकताना ती जुनी गोष्ट वाटे. आठ वर्षे जे युद्ध तेथल्या लोकांनी दैनंदिन जीवनाच्या कडेला ठेवले होते, ते एके दिवशी मध्यभागी येईल हे मानायला तेथले लोकच तयार नव्हते, तर आम्ही पाहुण्यांनी ते कशाच्या आधारे मानायचे?

जानेवारीच्या अखेरीस अमेरिका आणि ब्रिटनने कीव्हमधील दूतावासांतील काही कर्मचाऱ्यांना व कुटुंबीयांना माघारी बोलावले. त्याच आठवड्यात भारतीय दूतावासाने सर्व भारतीयांना एक ऑनलाइन अर्ज भरून आपली माहिती नोंदवण्यास सांगितले. आम्ही तिघींनी तो रात्री स्वयंपाक करता करता भरला. त्याआधी राष्ट्राध्यक्ष झेलेन्स्की यांनी एका अमेरिकी वृत्तपत्राच्या मुलाखतीत, रशियाने आक्रमण केलेच तर खारकिव्ह ताब्यात घेतले जाऊ शकते, असे म्हटले होते, आणि शहरात त्यावर भीतीपेक्षा संताप अधिक दिसला. ५ फेब्रुवारीला हजारो लोक निळे-पिवळे झेंडे घेऊन खारकिव्हच्या रस्त्यांवर उतरले. दुसरीकडे हेच राष्ट्राध्यक्ष २८ जानेवारीला परदेशी पत्रकारांना सांगत होते की उगाच घबराट पसरवू नका, त्याने आमच्या अर्थव्यवस्थेचे नुकसान होते. या दोन विधानांपैकी कोणते धरून एकवीस वर्षांच्या मुलीने विमानाचे तिकीट काढावे, हे मला आजही सांगता येणार नाही.

घरी मात्र चित्र वेगळे होते. मराठी वृत्तवाहिन्यांवर दिवसभर लाल बाणांचे नकाशे फिरत होते आणि वडील रोज रात्री फोनवर विचारत, “बाहेर काय दिसतंय?” बाहेर खरोखर काही दिसत नव्हते. मेट्रो वेळेवर धावत होती, बाराबाशोवो बाजारात नेहमीची गर्दी होती, तेथल्या दुकानात तूरडाळ आणि मोहरी मिळत होती, बर्फ वितळून चिखल झाला होता. मी हे सांगितले की वडील गप्प बसत आणि मग म्हणत, “पप्पू म्हणत होता, सिनेमागृहात बसल्यावर बाहेरचा पाऊस कळत नाही.” पप्पू म्हणजे माझा चुलत भाऊ; त्याच्या म्हणण्याला घरात फारसे वजन नसते, पण त्या महिन्यात सगळ्यांच्याच म्हणण्याला आले होते.

आमचे अडले होते ते विद्यापीठापाशी. वर्ग ऑनलाइन होणार का, हा एकच प्रश्न घेऊन सगळे विद्यार्थी डेकनातात, म्हणजे अधिष्ठात्यांच्या कार्यालयात, खेटे घालत होते, आणि उत्तर ठरलेले होते: मंत्रालयाचा आदेश नाही, वर्ग नेहमीप्रमाणे चालतील, गैरहजर राहाल तर तास भरून द्यावे लागतील. त्या कार्यालयातील लोकांना मी दोष देत नाही, कारण युद्ध होणार असे गृहीत धरून विद्यापीठाने परदेशी विद्यार्थी घरी पाठवले असते, तर ती सरकारच्या भूमिकेविरुद्ध उघड कबुली ठरली असती. त्यातच भारताच्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने फेब्रुवारीच्या सुरुवातीला, चीनमधील प्रवेशांच्या संदर्भात, केवळ ऑनलाइन पद्धतीने पूर्ण केलेला वैद्यकीय अभ्यासक्रम मान्य होत नाही अशी सूचना काढली होती. आमच्या व्हॉट्सॲप गटांवर ती दिवसातून दहादा फिरत असे. आम्ही चीनमध्ये नव्हतो आणि आमचे वर्गही केवळ ऑनलाइन नव्हते, पण करोनाच्या काळात आधीच बराच अभ्यास पडद्यावर झाला होता. त्यात आणखी भर पडली तर सहा वर्षांनंतर परतल्यावर भारतातील परवाना परीक्षेलाच बसू दिले नाही तर काय, या भीतीने अनेकांना थांबवले. लोकांना वाटते की मुलांनी धोका ओळखला नाही. मुलांनी दोन धोके मोजले आणि ज्याची त्यांना आधीच झळ बसलेली होती तो त्यांना मोठा वाटला, इतकेच.

मला ठामपणे निघायला सांगणारी पहिली व्यक्ती आमच्या शरीरक्रियाशास्त्राच्या बाई होत्या. त्या मूळच्या दोनेत्स्कच्या. २०१४ मध्ये मुलीला आणि दोन पिशव्या घेऊन खारकिव्हला आल्या त्या परत गेल्याच नाहीत. तासानंतर त्यांनी मला थांबवून विचारले, कागदपत्रे कोठे आहेत. मी म्हटले, पासपोर्ट आणि निवास परवान्याचे कार्ड माझ्याकडे आहे. दहावी-बारावीची मूळ प्रमाणपत्रे प्रवेशाच्या वेळी विद्यापीठात जमा केली आहेत. त्या म्हणाल्या, मागून बघ, मिळाली तर घे, नाही मिळाली तर प्रत्येक पानाचा स्वच्छ फोटो काढून दोन ठिकाणी ठेव आणि रोख रक्कम जवळ बाळग, कारण बँका सर्वांत आधी बंद होतात. युद्ध होईल असे त्या म्हणाल्या नाहीत. दोनेत्स्कमध्येही कोणी तसे म्हणाले नव्हते, एवढेच त्यांनी सांगितले. युद्धाबद्दल मला मिळालेला हा एकमेव उपयोगी सल्ला होता, आणि तो नकाशे दाखवणाऱ्या कोणाकडून आला नव्हता.

१२ फेब्रुवारीनंतर गोष्टी भराभर बदलू लागल्या. अनेक देशांनी आपल्या नागरिकांना ताबडतोब निघण्यास सांगितले, डच विमान कंपनी केएलएमने युक्रेनची उड्डाणे थांबवली, आणि त्याच सुमारास पोर्तुगालच्या मदेइरा बेटावरून कीव्हला येणारे एक युक्रेनी विमान मोल्दोवात उतरवावे लागले, कारण ते ज्यांच्याकडून भाड्याने घेतले होते त्या मालकांनी त्याला युक्रेनच्या हवाई हद्दीत जाऊ देण्यास नकार दिला. या शेवटच्या बातमीने मी पहिल्यांदा घाबरले. सैन्य येईल की नाही यावर तज्ज्ञ वाद घालत होते, पण विमाने थांबली तर आम्ही सीमेपासून चाळीस किलोमीटरवर अडकणार यात वाद नव्हता. १५ तारखेला भारतीय दूतावासाने भारतीयांनी, विशेषतः ज्यांचे राहणे अत्यावश्यक नाही अशा विद्यार्थ्यांनी, तात्पुरते देश सोडण्याचा विचार करावा, अशी सूचना काढली. १६ तारखेला आक्रमण होईल अशी अमेरिकी माध्यमांत चर्चा होती. झेलेन्स्की यांनी तो दिवस ऐक्यदिन म्हणून जाहीर केला, सकाळी दहा वाजता राष्ट्रगीत झाले, आमच्या वसतिगृहाच्या दारावर कोणीतरी झेंडा लावला आणि त्यानंतर आमचा सूक्ष्मजीवशास्त्राचा तास नियमित झाला. तो दिवस काही न घडता गेला याचा परिणाम उलटा झाला. ज्यांनी सामान बांधायला घेतले होते त्यांनी ते सोडले.

तिकिटांचा बाजार तोवर पेटला होता. एरवी पंचवीस-तीस हजारांत मिळणारे कीव्ह ते मुंबई तिकीट साठ-सत्तर हजारांवर गेले होते. करोनामुळे भारत आणि युक्रेन यांच्यातील उड्डाणांच्या संख्येवर असलेली मर्यादा भारत सरकारने १७ तारखेला उठवली, पण विमाने आणि जागा लगेच वाढत नाहीत. लातूरच्या ट्रॅव्हल एजंटाकडे वडील दिवसातून दोनदा जात होते. अखेर शारजामार्गे २१ तारखेच्या रात्रीचे एक तिकीट मिळाले, त्यासाठी त्यांनी भिशीचे पैसे उचलले. मी परतीचे तिकीटही काढायला लावले, मार्चच्या तिसऱ्या आठवड्याचे. ते पैसे वाया गेले हे खरे, पण परतीचे तिकीट दाखवल्याशिवाय रजेचा अर्ज मंजूर झाला नसता, आणि मलाही आपण पळून जात आहोत असे वाटायला नको होते.

त्यानंतरचे दिवस कागदांत गेले. रजेचा अर्ज युक्रेनी भाषेत, हाताने लिहून, कौटुंबिक कारण दाखवून द्यावा लागला; त्यावर अधिष्ठात्यांची सही होईपर्यंत मी त्या लांबट गारठलेल्या मार्गिकेत उभी होते आणि माझ्यापुढे-मागे उभ्या असलेल्या प्रत्येकाकडे आजीच्या आजारपणाचे किंवा बहिणीच्या लग्नाचे कारण होते. सही करणाऱ्या बाईंनी ते सगळे अर्ज न हसता मंजूर केले. मूळ प्रमाणपत्रे मात्र मिळाली नाहीत. ती प्रवेश रद्द केल्यासच परत मिळतात, असा नियम होता. मी छायाप्रतींवर शिक्का मारून घेतला आणि फोटो काढून वडिलांना पाठवले. भारतात उतरण्यासाठी त्या वेळी ‘एअर सुविधा’ संकेतस्थळावर स्वयंघोषणा आणि लसीकरणाचे प्रमाणपत्र किंवा करोना चाचणीचा अहवाल भरणे बंधनकारक होते. परदेशी शिकणाऱ्यांसाठी कोविशील्डच्या दोन मात्रांमधील अंतर २०२१ च्या जूनमध्ये अठ्ठावीस दिवसांवर आणल्यामुळे माझ्या दोन्ही मात्रा लातूरलाच झाल्या होत्या, आणि त्या प्रमाणपत्राने ऐनवेळी चाचणीच्या रांगेतून सुटका केली.

निफाडच्या मैत्रिणीला असे करता येत नव्हते. तिचा निवास परवाना नूतनीकरणासाठी स्थलांतर विभागाकडे होता, आणि नवे कार्ड हातात नसताना देश सोडला असता तर परत येण्यासाठी नव्याने व्हिसा काढावा लागला असता. केरळच्या मुलीचे दोन विषयांचे तास भरून द्यायचे राहिले होते. २५ तारखेपर्यंत ते संपवून ती २७ ला निघणार होती. तिच्याकडे तिकीटही होते. माझ्या बॅगेत वजनाची मर्यादा तीस किलोची होती, आणि महिनाभरासाठीच जात असल्यामुळे मी जाड कोट, कुकर, पुस्तके सगळे खोलीतच ठेवले. पुस्तकांतून फक्त औषधशास्त्राचे घेतले, कारण त्याचाच अभ्यास राहिला होता.

२० तारखेच्या रात्रीच्या गाडीने मी कीव्हला निघाले. तेथल्या प्लात्सकार्त डब्यात, म्हणजे आपल्याकडच्या शयनयानासारख्या उघड्या डब्यात, माझ्यासमोर एक आजी आणि तिचा शाळकरी नातू होता. आजीने उकडलेली अंडी आणि काळा पाव काढला, मला न विचारता अर्धा वाटा पुढे केला आणि कोठे निघालीस असे विचारले. घरी, भारतात, असे सांगितल्यावर तिने मान हलवली आणि म्हणाली, चांगले केलेस, आई काळजी करत असेल. स्वतः ती मुलीकडे चार दिवसांसाठी चालली होती, गुरुवारी परतणार होती. तो गुरुवार म्हणजे २४ तारीख.

कीव्हच्या मुख्य स्थानकावरून विमानतळाची वेगळी गाडी होती, तिने मी दुपारीच बोरिस्पिलला पोहोचले. विमानतळावर घबराट नव्हती, पण रांगेत भारतीय मुलांची संख्या डोळ्यांत भरत होती. पारपत्र तपासणाऱ्या तरुणाने माझे कार्ड पाहून विचारले, “परत येणार?” मी हो म्हटले आणि मार्चची तारीख सांगितली. त्याने शिक्का मारला.

रात्री विमानाची वाट पाहत असताना पुतिन यांचे ते लांबलचक भाषण सुरू झाले. दोनेत्स्क आणि लुहान्स्क या प्रदेशांना स्वतंत्र देश म्हणून मान्यता देण्याची घोषणा त्यात होती. माझ्या शेजारच्या बाकावर एक युक्रेनी जोडपे एकच इअरफोन दोघांच्या कानांत घालून ते ऐकत होते. रशियन समजण्याइतकी मला येत होती, रुग्णांशी बोलण्यापुरती आम्ही ती शिकलोच होतो. पण इतिहासाच्या त्या शब्दांत मी मागे पडत होते आणि त्या दोघांच्या चेहऱ्यांकडे पाहून अर्थ लावत होते. नवऱ्याने भाषण मध्येच बंद केले. बायकोने ते पुन्हा लावले. मग विमानात बसण्याची सूचना झाली आणि तो नवरा तिला दारापर्यंत सोडून थांबला, तेव्हा मला कळले की दुबईतल्या नोकरीवर एकटी तीच चालली होती. तो कसाबसा आतपर्यंत आला होता की त्याचे दुसरे विमान होते, हे मी विचारले नाही.

शारजात काही तास काढून २२ तारखेला मुंबईत उतरले आणि रात्रीच्या लातूर एक्स्प्रेसने २३ च्या सकाळी घरी पोहोचले. त्याच २२ तारखेला दूतावासाने आणखी एक सूचना काढली होती: ऑनलाइन वर्गांच्या अधिकृत दुजोऱ्याची वाट न पाहता विद्यार्थ्यांनी निघावे. जो प्रश्न आम्ही महिनाभर डेकनातात विचारत होतो, त्याची दखल घेणारे हे पहिले अधिकृत वाक्य होते. ते आले तेव्हा विमाने दोनच दिवस उडणार होती.

२४ तारखेला भारतीय वेळेनुसार सकाळी साडेआठच्या सुमारास निफाडच्या मैत्रिणीचा फोन आला. तिने काही बोलण्याआधी मागचा आवाज ऐकू आला. युक्रेनची हवाई हद्द बंद झाली, विद्यार्थ्यांना आणायला निघालेले एअर इंडियाचे विमान वाटेतूनच दिल्लीला परतले, आणि केरळच्या मुलीचे २७ तारखेचे तिकीट निरुपयोगी झाले. त्या दोघी आधी वसतिगृहाच्या तळघरात आणि मग जवळच्या मेट्रो स्थानकात राहिल्या. माझा कुकर त्यांनी तळघरात नेला होता, वीज असेल तेव्हा त्यात खिचडी करत. १ मार्चला अन्न आणायला बाहेर पडलेला कर्नाटकातील एक विद्यार्थी खारकिव्हमध्ये मारला गेला. २ मार्चला भारतीयांनी मिळेल त्या मार्गाने, गरज पडली तर पायी, शहर सोडून पिसोचिन व आसपासच्या गावांकडे जावे, अशी सूचना आली. या दोघी चालतच गेल्या. तेथून बस, मग गाडी, मग पश्चिमेकडचे ल्विव्ह शहर आणि पोलंडची सीमा असा प्रवास करून भारत सरकारच्या ‘ऑपरेशन गंगा’ या सुटका मोहिमेच्या विमानाने त्या परतल्या. तो अनुभव त्यांचा आहे, मी तो येथे अधिक सांगणार नाही.

गावात मला बरेच जण हुशार म्हणाले, वेळ ओळखली म्हणाले. मला ते आवडत नसे. माझे कार्ड वैध होते, माझ्या वडिलांना भिशी उचलता आली आणि माझ्या नावापुढे त्या सत्रात अजून ‘एनबी’ लागली नव्हती. एवढ्या तीन गोष्टींवर मी २१ तारखेच्या विमानात होते. यातील एकही गोष्ट शहाणपणाची नव्हती, आणि ज्या दोघी मागे राहिल्या त्या माझ्याहून अभ्यासात पुढे होत्या.

काही आठवड्यांनी वर्ग ऑनलाइन सुरू झाले. दोनेत्स्कच्या बाई पोलंडमधील एका लहानशा खोलीतून शिकवत होत्या, त्यांच्या मागे खिडकीत कोणाचे तरी कपडे वाळत असत. सप्टेंबरमध्ये वैद्यकीय आयोगाने युक्रेनच्या विद्यार्थ्यांना दुसऱ्या देशातील विद्यापीठात उर्वरित शिक्षण घेण्याची मुभा दिली, तेव्हा निफाडच्या मैत्रिणीने आणि मी जॉर्जियातील एका विद्यापीठात अर्ज केला. तेथे मूळ प्रमाणपत्रे मागितली गेली. बाईंच्या सांगण्यावरून काढलेले फोटो आणि शिक्क्याच्या छायाप्रती यांवर मला तात्पुरता प्रवेश मिळाला. मूळ प्रती खारकिव्हमधून कुरिअरने, पोलंडमार्गे, पुढच्या वर्षी जॉर्जियातल्या तिबिलिसीला आल्या. पाकिटात माझ्या बारावीच्या गुणपत्रिकेबरोबर दुसऱ्याच एका मुलाची गुणपत्रिका आली होती, परभणीच्या. ती मी त्याला शोधून पाठवली.